साठ मीटर त्रिज्येचं वळण

"केंद्र कोठे शे?"

असं म्हणून मॅडम तर्जनीने हवेत एक भलामोठा गोल काढायच्या आणि त्याच बोटाने गोलाच्या बरोब्बर मधोमध टोचायच्या. समोर फळा असो, पिठाची गिरणी असो, नाहीतर द्वारका चौकातली गाड्यांची कोंडी असो. काहीही गोल फिरताना दिसलं की हा प्रश्न ठरलेला. एरवी त्यांची मराठी स्वच्छ, वर्गात शोभेलशी. पण उत्साह चढला की सटाण्याकडची अहिराणी उसळून बाहेर यायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. आणि उत्साह चढलेला नाही अशी त्यांची वेळ मी फारशी पाहिली नाही.

त्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. मी मराठी शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, आणि दोघींची घरं पंचवटीत, म्हणून मला रोज त्यांच्या स्कूटरवर मागची जागा मिळाली. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. मला नावाने हाक अशी त्यांनी कधी मारली नाही. "ए मराठी, चल बस," एवढंच.

पहिल्याच आठवड्यात एका वळणावर त्यांनी स्कूटर अशी काही कलती केली, की मी किंचाळले.

"ताठ काय बसतेस देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी? माझ्याबरोबर झुक!"

"मॅडम, पडेन ना!"

"नाही झुकलीस तर पडशील!"

मी म्हटलं, वळताना मला कोणीतरी बाहेर ढकलतंय असं वाटतं. त्यांनी तिथेच रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोणी ढकलत नाही गं तुला. तू आपली सरळच निघाली होतीस. स्कूटर वळली. आता तुलाही वळवायचं तर कोणीतरी आत ओढायला पाहिजे. ते ओढणं म्हणजे अभिकेंद्री बल. कळलं?"

मागून हॉर्न वाजत होते. मी घाईने "कळलं" म्हणाले. त्यांना ते खोटं आहे हे समजलं असावं, कारण पुढचा महिनाभर प्रत्येक वळणावर त्या मान मागे करून विचारत, "आत कोण ओढतंय?" आणि मी ओरडून उत्तर द्यायचे, "टायर आणि रस्त्याचं घर्षण!" तुम्ही कधी सकाळी त्या बाजूला असाल, तर स्कूटरवरच्या या दोन बायका तुमच्याही कानांवर पडल्या असतील.

त्यांचा वर्ग तर बघण्यासारखा. बारावीचा पहिलाच धडा गोल फिरण्याचा. पुस्तक इंग्रजी, पण त्या शिकवायच्या मराठीत. पदर खोचायचा, अर्धी बादली पाणी घ्यायचं आणि हात डोक्यावरून गरागरा फिरवायचा. पुढच्या बाकावरच्या मुली डोक्यावर वह्या धरायच्या, मागची मुलं बाकांवर चढायची. बादली उलटी होतेय, पाणी पडत नाहीये, आणि मॅडम फिरवता फिरवताच विचारतायत, "सगळ्यात वर असताना वेग कमीत कमी किती पाहिजे? सांगा! जी गुणिले आर, त्याचं वर्गमूळ! माझा हात आणि बादली मिळून मीटरभर. म्हणजे सेकंदाला तीन मीटरच्या थोडं वर. त्याच्या खाली आले तर?"

"अंघोळ!" अख्खा वर्ग ओरडायचा.

एकदा गोफण आणली. बागलाणातल्या त्यांच्या गावी लहानपणी माळ्यावर उभं राहून बाजरीची पाखरं हाकलायचं काम त्यांचं असे. "फिजिक्स मी तिथे शिकले," त्या म्हणायच्या. "दोरी सुटली की दगड बाहेर जात नाही, केंद्राकडेही जात नाही. त्या क्षणी त्याचं तोंड जिकडे असेल, तिकडे सरळ. त्या रेषेला स्पर्शिका म्हणायचं." हे मैदानात दाखवायला त्यांनी दगडाऐवजी ओल्या मातीचा गोळा घेतला होता. सगळे मागे उभे. तीन फेरे झाले आणि चौथ्याला गोळा सुटला तो थेट प्राचार्यांच्या खिडकीवर. काच फुटली नाही, पण चिखलाचं फूल उमटलं. प्राचार्य बाहेर आले.

"सर, स्पर्शिकाच तशी होती," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्यांना हसू आवरेना. पण गोफण त्यांनी कपाटात ठेवून घेतली, ती शेवटपर्यंत दिली नाही.

नवरात्रातल्या देवीच्या यात्रेत त्या मला मौत का कुआँ बघायला घेऊन गेल्या. लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर एक मध्यमवयीन माणूस मोटारसायकल पळवत होता. फळ्या थडथडत होत्या, लोक शिट्ट्या मारत होते, आणि या माझ्या कानात ओरडत होत्या, "भिंत आत ढकलते! घर्षण वर धरून ठेवतं! आर जी भागिले म्यू, त्याचं वर्गमूळ!" खेळ संपल्यावर त्या सरळ त्या माणसाकडे गेल्या. तो घाम पुसत चहा पीत होता.

"दादा, तुम्ही कमीत कमी किती वेगाने फिरता?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "मॅडमजी, मीटर कोण बघतो? एवढंच सांगतो. खाली रस्त्यावर माणूस घाबरला की वेग कमी करतो. आम्ही घाबरलो की वाढवतो."

मॅडमनी पर्समधून वही काढली आणि ते वाक्य तारखेसकट उतरवून घेतलं. त्याला वाकून नमस्कार केला. तो बिचारा चहाचा कप धरूनच उभा राहिला. परतताना त्या म्हणत होत्या, "भलतं भारी शे! हे वाक्य एकाही पुस्तकात नाही बघ."

हे सगळं मजेचं झालं. पण ज्यासाठी मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले, ती गोष्ट पुढेच आहे.

आमच्या कॉलेजात निफाडकडच्या गावांतून बरीच मुलं येत. त्यातली एक कावेरी. शांत मुलगी, तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची. तिच्या गावाच्या अलीकडे कालव्याजवळ रस्त्याला एक वळण होतं. तिथे गाड्या उलटायच्या. द्राक्षांच्या दिवसांत क्रेट भरलेल्या पिकअप, कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टर. त्या वर्षी छाटणीला निघालेल्या बायकांची एक पिकअप तिथे उलटली. कावेरीची आई तीत होती. तिचं मांडीचं हाड मोडलं. शेजारी बसलेली बाई गेली.

कावेरी तीन आठवड्यांनी वर्गात परतली. नेमका त्या दिवशी मॅडमचा वळणदार रस्त्यांचा तास होता. रस्त्याची बाहेरची बाजू उंच का ठेवतात, ती किती उंच हवी, त्याचं सूत्र फळ्यावर लिहून झालं होतं: कोनाचा टॅन बरोबर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले जी. मॅडम गणित घालणार, तेवढ्यात कावेरी उभी राहिली. ही मुलगी स्वतःहून कधी उठत नसे.

"मॅडम, मग आमच्या वळणावर गाड्या बाहेरच का पडतात?"

मॅडम म्हणाल्या, "वेग जास्त असेल."

"पिकअप हळू होती. आई सांगते. ड्रायव्हरकाका आमच्याच गल्लीतले आहेत, ते जोरात नाही चालवत." मग जरा थांबून ती म्हणाली, "गावात म्हणतात, त्या वळणाला माणूस लागतो. आई म्हणते, नशीब."

मी शेजारच्या वर्गात होते. नंतर मुलांनी सांगितलं, की मॅडम खडू हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. घंटा वाजली तरी उभ्याच.

घरी जाताना त्यांनी एकाही वळणावर "आत कोण ओढतंय" हे विचारलं नाही. माझ्या दारात स्कूटर थांबवली आणि पुढेच बघत म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं मी हे गणित घालते आहे, मराठी. त्रिज्या इतकी, वेग इतका, कोन काढा. अठ्ठावीस वर्षांत एक खरा रस्ता मोजला नाही मी."

त्यांनी डोळे पुसले, हेल्मेटची काच खाली केली आणि एकदम म्हणाल्या, "रविवारी मोकळी आहेस का? येताना एक लांब दोरी आण. कपडे वाळत घालायची."

रविवारी सकाळी आम्ही त्या वळणावर पोहोचलो. मॅडम, मी, कावेरी आणि वर्गातली अकरा मुलंमुली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, वळणाच्या आतल्या अंगाला कालवा, आणि बाहेरच्या अंगाला खड्डा. खड्ड्यात अजून तुटलेल्या क्रेटचे तुकडे दिसत होते. कडेला एक शेंदूर लावलेला दगड, त्याच्यापुढे लिंबं. तिथे एक म्हातारेबाबा बसले होते.

"शाळेची सहल हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. वळण मोजायला आलोय."

"त्याला काय मोजायचं? वळणच वाईट हाय. लय जणांना खाल्लंय त्यानं. आज अमावस्या, म्हणून नारळ फोडायला आलो."

मॅडमनी त्यांना हात जोडले आणि कामाला लागल्या. अंगात वारं शिरल्यासारख्या. दोन मुली दोन्ही टोकांना लाल ओढण्या घेऊन गाड्या हळू करायला उभ्या केल्या. मग तीस मीटर दोरी वळणाच्या आतल्या कडेवर दोन ठिकाणी टेकवून ताणून धरली. दोरी सरळ, रस्ता वाकडा. मधोमध दोरीपासून कडेपर्यंतचं अंतर मोजलं: एक मीटर नव्वद.

"लिहा! तीसचा वर्ग, भागिले आठ गुणिले एक पूर्णांक नऊ दशांश!"

मुलं रस्त्याकडेला उकिडवी बसून मोबाइलवर आकडे मारत होती. "एकोणसाठ पॉइंट दोन!" "वर थोडं मिळवायचं असतं मॅडम!" "साठ धरा, साठ!" आणि मॅडम कालव्याच्या बांधावर चढून, हात लांब करून ओरडल्या, "म्हणजे केंद्र कोठे शे? तो पाहा, तिकडे! त्या बागेत, साठ मीटरवर! कावेरी, जा, उभी राहा तिथे!"

कावेरी कालव्यावरची मोरी ओलांडून वेलींच्या ओळींतून पळत गेली आणि आत कुठेतरी हात वर करून उभी राहिली. मांडवाच्या वर फक्त तिचा हात दिसत होता. तुम्हाला सांगते, सूत्रांबित्रांशी माझं सात जन्मांचं वैर. पण तो हात बघून माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं लोक त्या वळणाला घाबरत होते, आणि ते वळण कुठून वळतं ते ठिकाण आता आमच्या मुलीच्या पायाखाली होतं.

मग वेग. रस्त्यावर पंचवीस मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा, ओढण्या खाली, आणि दर गाडीला स्टॉपवॉच. बहुतेक पिकअपना दोन सेकंद लागत. म्हणजे ताशी पंचेचाळीस. तिथल्या माणसांना हे हळूच वाटणार. मॅडम रस्त्याच्या कडेला खडूने लिहू लागल्या. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. एकशे छप्पन्न भागिले साठ, त्याला पुन्हा भागिले जी. गाडी वळवायला तिच्या वजनाच्या पावपटीहून जास्त बल आत ओढायला हवं.

"आणि तीसने आली तर?" मी विचारलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांना मिळालेली मी सगळ्यात थोराड विद्यार्थिनी असेन.

त्यांनी माझ्या हातात खडू दिला. "काढ."

मी काढलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा आलं. पावपटीवरून एकदम आठव्या भागाच्याही खाली. "मॅडम, वेग तर एक तृतीयांशच कमी केला! बल निम्म्याहून खाली कसं गेलं?"

"वर्ग आहे गं, वर्ग!" त्या टाळ्या पिटत म्हणाल्या. "वेग निम्मा केलास तर बल पाव. हे ज्याला कळलं, तो वळणावर ब्रेक मारायला लाजणार नाही!"

एवढं होईतो बाबा उठले होते. दगडापुढे नारळ फोडण्यासाठी त्यांनी तो वर उचलला, पण हात थरथरला आणि नारळ रस्त्यावर पडला. फुटला नाही. घरंगळला. वेडावाकडा, डुगडुगत, रस्त्याच्या मधून निघाला आणि बाहेरच्या कडेला जाऊन खड्ड्यात पडला.

आम्ही सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

"बाबा, पुन्हा टाका."

"आं?"

"नारळ. पुन्हा रस्त्याच्या मधे ठेवा."

एका मुलीने खड्ड्यात उतरून तो वर आणला. मॅडमनी तो स्वतः रस्त्याच्या मध्यावर ठेवला, हलकेच बोट लावलं. नारळ पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहा पावलं पुढे जाऊन पाचव्यांदा. दर वेळी बाहेर.

"देखा! देखा!" मॅडम अशा ओरडल्या की बागेतून पाखरं उडाली. "उतार उलटा शे! बाहेरची बाजू उंच पाहिजे, तर ती खाली आहे! रस्ता आत घ्यायच्या ऐवजी गाडीला बाहेर सांडतोय!"

गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आम्ही आणलीच होती. दोन्ही कडांना टोकं धरली, पाणी स्थिर होऊ दिलं. साडेपाच मीटर रुंदीत बाहेरची कड अठरा सेंटिमीटर खाली. पाच ठिकाणी मोजलं. सगळीकडे तेच, दोन बोटं इकडेतिकडे. नंतर बाबांनीच उलगडा केला. कालव्याचं काम निघालं तेव्हा रस्त्याची आतली बाजू खणली, भरली, वर दर वेळी डांबराचे थर चढले. बाहेरची कड मात्र दर पावसाळ्यात खचत गेली.

कावेरी नळीचं टोक हातात धरून तशीच बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे ड्रायव्हरकाकांची चूक नव्हती."

"नव्हती."

"आणि आईचं नशीब..."

मॅडम तिच्याशेजारी डांबरावर बसल्या. "नशिबाचं सूत्र मला येत नाही बाळा. याचं येतं. घरी जाऊन आईला सांग, अठरा सेंटिमीटर."

अर्ज लिहायचं काम माझं. मी तळमळून लिहिलं. "मृत्यूचा सापळा", "निष्पापांचे बळी", "झोपलेली यंत्रणा" असं बरंच. मॅडमनी लाल पेनने एकेक शब्द उडवला. "सापळा म्हणजे किती अंश? ते लिही." शेवटी एक पान उरलं: त्रिज्या, वेग, उतार, एक आकृती, आणि खाली चौदा सह्या. त्याइतकं चांगलं मराठी मी आजवर लिहिलेलं नाही.

रस्त्यांच्या कचेरीत आम्ही चार वेळा गेलो. पहिल्या दोनदा साहेब भेटले नाहीत. तिसऱ्यांदा एक तरुण इंजिनियर भेटला. त्याने पान न बघताच म्हटलं, "मॅडम, अपघात ड्रायव्हरच्या चुकीने होतात. लोक जोरात चालवतात."

"चालवतात ना. चुका होणारच," मॅडम म्हणाल्या. "पण चूक झाली की लगेच मरणाची शिक्षा रस्त्याने का द्यायची?"

त्याने पान ठेवून घेतलं. चौथ्यांदा गेलो तेव्हा ते त्याच्या टेबलावर काचेखाली होतं, आणि कडेला पेन्सिलीने त्याने स्वतः गणित करून पाहिलेलं होतं.

"उत्तर जुळतंय मॅडम," तो म्हणाला. "पण उतार उलटा आहे हे मला पटत नाही. आमच्या नकाशात बरोबर आहे."

"मग नकाशावर गाड्या चालवूया का? चल, उठ."

तो आला. आपल्या मोटारसायकलवरून, आमच्या स्कूटरमागे. वळणावर अर्धं गाव जमलं होतं. कावेरीने पाण्याची नळी त्याच्या हातात दिली. त्याने बूट काढून ठेवले, कुणास ठाऊक का, आणि स्वतः एक टोक धरून बसला. पाणी थांबलं. त्याने वाकून पाहिलं. जागा बदलली. पुन्हा पाहिलं. तेवढ्यात बाबा काठी टेकत पुढे आले, त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि रस्त्यावर त्याच्यापुढे ठेवला. नारळ निघाला तो थेट बाहेर.

कोणी हसलं नाही. इंजिनियर उठून उभा राहिला.

"मॅडम, बारावीला मीपण हे शिकलो होतो," तो हळूच म्हणाला. "पैकीच्या पैकी मार्क होते या धड्याला."

मला वाटलं, आता या त्याला सोडणार नाहीत. पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मलाही होते रे," त्या म्हणाल्या.

पुढे कागद फिरले, पाऊस आला, काम थांबलं. मॅडम दर सोमवारी त्याला फोन करायच्या. तो कधी चिडला नाही. दिवाळीनंतर एके दिवशी त्याचाच फोन आला, त्या वर्गात होत्या म्हणून मी घेतला. "मावशींना सांगा," तो म्हणाला, म्हणजे केव्हातरी तो मॅडमवरून मावशींवर आला होता, "जुना थर उकरायला घेतलाय. बाहेरची कड उचलतोय. शंभराला सात. त्याच्यावर नियमाने जाता येत नाही, बाकीचं घर्षण सांभाळेल. आणि तीसची पाटी."

मी धावत वर्गापाशी गेले आणि दारातूनच ओरडले, "शंभराला सात!" मराठीची बाई असं काही ओरडते याचं मुलांना नवल वाटलं. मॅडमनी हातातलं डस्टर वर फेकलं. ते पंख्याला लागून कोपऱ्यात पडलं. मग अख्ख्या वर्गाने जो काही गोंधळ घातला, त्याने प्राचार्य पुन्हा एकदा बाहेर आले.

रस्ता झाल्यावर तिथे छोटा समारंभ झाला. फीत कापली गेली, हार घातले गेले, भाषणांत बऱ्याच जणांचे आभार मानले गेले. मॅडमचं नाव त्यात नव्हतं. त्या गेल्याही नव्हत्या. त्यांचा जादा तास होता. मी रागाने धुमसत परत आले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आणि नारळ?"

"फोडला."

"घरंगळला का?"

"मधेच ठेवला होता कोणीतरी फोडण्याआधी. आत गेला. कालव्याच्या बाजूला."

त्यांनी डोळे मिटले आणि खूप वेळ हसत राहिल्या.

कावेरीची आई काठीशिवाय चालू लागायला दीड वर्ष गेलं. कावेरीने नर्सिंग घेतलं. आपण फिजिक्स घेतलं नाही म्हणून ती मॅडमची माफी मागायला आली होती, तेव्हा तिला त्यांनी पोटभर खाऊ घातलं आणि वर ओरडल्याही.

मॅडम दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी सामान टेम्पोत टाकून सटाण्याकडच्या आपल्या गावी भावाकडे निघून गेल्या. तिथे मळ्यातल्या घराच्या ओट्यावर आजूबाजूच्या मुली शिकायला येतात, असं कळतं. फोन लागला तर लागतो. इथे त्यांच्या खुर्चीवर आता एक नवा मुलगा बसतो. हुशार आहे, लॅपटॉपवर छान चित्रं दाखवतो. मी रिक्षाने येते-जाते.

गेल्या महिन्यात पेपर तपासायच्या कामाने निफाडला जायचं होतं. सकाळची एसटी पकडली. शेजारी टोपलीत मेथीच्या जुड्या घेतलेली एक बाई होती. ओझर सुटलं आणि तिला डुलकी लागली. हळूहळू तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी खिडकीतून बघत होते. कालवा दिसला, बागा दिसल्या, मी नकळत समोरचा दांडा घट्ट धरला. ड्रायव्हरने पाटी बघून वेग उतरवला, गाडी किंचित आतल्या अंगाला कलली आणि वळणावरून अलगद निघाली. मागे कोणीतरी मोबाइलवर भाव विचारत होतं, त्याचं बोलणं तुटलं नाही. टोपलीतली एक जुडीसुद्धा सरकली नाही.

शेजारची बाई जागी झाली नाही. वळण संपलं तरी माझ्या खांद्यावर तिचा श्वास संथ चालला होता.